एक नवा रिवाज – आपल्या घरचा

“पूर्वीसारखी दिवाळी आता राहिली नाही हो!” हे वाक्य वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत निदान दहा वेळा तरी आपल्या कानांवर येते. म्हणणारी व्यक्ती बहुधा साठीच्या पुढची असते आणि तिच्या हातात फराळाची बशी असते. बशीतली चकली विकतची निघाली, तर सुस्कारा अंमळ अधिक लांब! गंमत अशी, की आजोबा आज ज्या दिवाळीची आठवण काढून हळहळतात, त्या दिवाळीत त्यांचे आजोबाही असेच हळहळत असणार. तेव्हा हा सुस्कारासुद्धा आपल्या दिवाळीचा एक जुना रिवाजच म्हणायला हवा.

पण त्यात तथ्य मुळीच नाही, असे मात्र कुणी समजू नये. पूर्वीच्या दिवाळीत वस्तू थोड्या होत्या, कामे पुष्कळ होती, आणि ती घरभर वाटलेली होती. कंदिलाच्या कामट्या तासायच्या त्या थोरल्याने, खळ शिजवायची ती ताईने, पतंगी कागदाच्या झिरमिळ्या कातरायच्या त्या मधल्यांनी, आणि किल्ल्यासाठी माती खणून आणायची ती यच्चयावत धाकट्यांनी. आज कंदील दुकानातून येतो, फराळ खोक्यातून येतो, किल्लासुद्धा तयार मिळतो. सारे काही घरात येते. घरातल्या माणसांच्या हातांना तेवढे काम येत नाही. मग मुले दिवाळीकडे सर्कस बघावी तशी बघतात आणि दुपार झाली की “आता काय करू?” म्हणून पायात पायात येतात. बघणाऱ्याला कंटाळा लवकर येतो. करणाऱ्याला कंटाळायला सवडच नसते.

यावर उपाय म्हणून जुनी दिवाळी जशीच्या तशी परत आणू म्हटले, तर ते व्हायचे नाही. ती चाळ गेली, ते अंगण गेले, बंब तर भंगारवाल्याने केव्हाच नेला. आपल्या दोन-तीन खोल्यांत, आपल्या ऑफिसच्या वेळांत आणि आपल्या खिशात बसेल असा एखादा नवा रिवाज मात्र प्रत्येक घराला सुरू करता येईल.

“रिवाज का कुठे सुरू करता येतो? तो चालत आलेला असतो!” असे कुणी म्हणेल. पण चालत आलेली प्रत्येक गोष्ट कुठून तरी निघालेली असतेच. आता तुमच्या हातात जो दिवाळी अंक आहे, त्याचेच पाहा. फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक हवाच, हे आज आपल्याला इतके सवयीचे झाले आहे, की जणू श्रीरामप्रभूंनी अयोध्येत परतताना पुष्पकातून दोन अंक आणले होते! प्रत्यक्षात १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तिथून ही प्रथा मराठी घरांत रुजली. गणपती घरोघरी आधीपासून बसतच होते. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी चालना दिली आणि गणेशोत्सव सार्वजनिक झाला. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेल्या संस्थेने भाऊबीज निधीची कल्पना काढली. ज्या मुलींच्या शिक्षणाला घरचा आधार नाही, त्यांना समाजाने भावाच्या नात्याने ओवाळणी घालावी, एवढीच ती साधी कल्पना. पण तिने कितीतरी मुलींच्या फीची आणि जेवणाची सोय केली. इतके कशाला, नरकचतुर्दशीला मोती साबण हवाच असे म्हणणारी घरे आज कमी नाहीत, आणि तो साबण तर सरळ कारखान्यातून आलेला! साबणाची वडी जर आपल्याकडे रिवाज होऊ शकते, तर तुमच्या-माझ्या घरातली एखादी चांगली कल्पना का होऊ नये?

आता सुरू केलेले टिकते कशाने, ते पाहू. माझ्या पाहण्यात जे घरगुती रिवाज वर्षानुवर्षे टिकले, त्यांत चार गोष्टी सारख्या दिसल्या. एक, त्यांची वेळ ठरलेली असते. ‘कधीतरी सवडीने’ म्हटलेली गोष्ट कधीच होत नाही. दोन, त्यात घरातल्या प्रत्येकाला काही ना काही काम असते, मग ते चार वर्षांच्या पिल्लाने वाती मोजून देण्याचे का असेना. तीन, खर्च आणि खटाटोप इतका थोडा असतो, की तंगीच्या वर्षी किंवा आजारपणाच्या वर्षीही तो सोडावा लागत नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात नरकचतुर्दशीला पोह्यांचा मान असतो, ते मला या दृष्टीने फार शहाणपणाचे वाटते. भात नुकतेच हाती आलेले असते. त्या नव्या भाताचे पोहे काढायचे, कुणी दुधात, कुणी ताकात, कुणी नारळाच्या रसात कालवायचे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक मारायची. एकाच धान्याची पंगत, पण तिची वाट वर्षभर पाहिली जाते! आणि चौथी गोष्ट, त्याचे कारण मुलांना सांगितलेले असते. कारण ठाऊक नसलेला रिवाज मुलांना शिक्षेसारखा वाटतो.

या चार कसोट्यांना उतरेल असा एक रिवाज मी यंदा आपणांपुढे ठेवणार आहे. त्याआधी जरा दिवाळीतल्या पाटाचा हिशेब मांडू या.

नरकचतुर्दशीला पहाटे आई मुलांना तेल लावते, उटणे लावते, न्हाऊ घालते, ओवाळते. पाडव्याला पत्नी पतीला तेल लावते आणि ओवाळते. भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते. चार-पाच दिवसांत पाटावर कोण कोण बसले, त्यांची यादी करा. बाबा आहेत, मुले आहेत, मामा आहेत, जावई असला तर तो अगदी ऐसपैस बसलेला आहे. आता त्या यादीत आईचे नाव शोधा. सापडले? तिच्या तबकात ओवाळणी पडते, हे खरे; पण तिच्या पाठीला तेल कुणी लावले? ती स्वतः नहायला कधी गेली? बहुतेक घरांत याचे उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण त्या वेळी सगळे झोपलेले असतात, किंवा नहाऊन फराळाला बसलेले असतात.

यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या बाकीच्यांनी आईला उठवावे आणि तिला पहिल्या पाटावर बसवावे. हाच तो रिवाज. घरात आजी असेल तर पाट दोन मांडावेत. आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी चोळल्या आहेत, तिचा मान आधीचा.

याला खर्च शून्य आहे. तेल, उटणे, पाट आणि रांगोळी एरवीही लागतेच. फक्त कामांची वाटणी आदल्या रात्री करून ठेवायची. गजर लावायचा तो आईच्या नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधीचा. नाहीतर ती चारलाच उठून स्वयंपाकघरात दिवा लावील आणि सगळा बेत फसेल. एकाने वाटीत तेल कोमट करायचे. एकाने उटणे दुधात कालवायचे. एकाने पाटाभोवती रांगोळी काढायची. ती वेडीवाकडी आली तरी तिला कुणी हसायचे नाही. मुलीने केसांना तेल लावावे, मुलाने पायांना. बाबांनी चहा करावा, आणि साखरेचा डबा कुठे आहे हे त्या दिवशी आईला विचारू नये, आदल्या दिवशी पाहून ठेवावे. मग सर्वांत धाकट्याने ओवाळावे.

“शास्त्रात असे कुठे आहे?” म्हणून कुणी वडीलधारे भुवया चढवतील. त्यांना नम्रपणे सांगावे, की अभ्यंगस्नान सर्वांनाच सांगितले आहे. त्यातून आईला वगळा असे कुठे लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. खरी अडचण येईल ती आईकडूनच. “इश्श! माझे मेलीचे काय!” म्हणून ती उठू पाहील. आमच्या परिचयाच्या एका घरी हा प्रकार सुरू झाला, तेव्हा पहिल्या वर्षी त्या बाई पाटावर अशा अवघडून बसल्या होत्या, की जणू इंजेक्शनच घ्यायचे आहे. तेल लावून होईपर्यंत दोनदा उठून दूध उतू जाते का ते पाहून आल्या. दुसऱ्या वर्षी एकदाच उठल्या. तिसऱ्या वर्षी त्या अंथरुणातूनच विचारत्या झाल्या, “माझा पाट मांडला का रे?” ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, त्या घरात रिवाज रुजला म्हणून समजावे.

यात गंमत आहे, तशी गंभीर गोष्टही आहे. जो सण एक माणूस राबून उभा करतो आणि चार माणसे भोगतात, तो फार दिवस टिकत नाही. राबणारे माणूस थकले, की सणही थकतो. आज घरातली बाई नोकरी सांभाळते, मुलांचा अभ्यास घेते आणि वर ‘आमच्या आईच्या हातच्या अनारशांची सर कशाला नाही’ हेही ऐकून घेते. अनारसे म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचे, आणि एवढे करून तुपात सोडल्यावर ते हसले तर हसले! जुन्या काळी हे सारे एकीच्या गळ्यात नसे. करंज्यांच्या दिवशी शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आपण पदार्थ तेवढे चालू ठेवले आणि शेजारणी गाळल्या. म्हणून फराळ विकत आणण्यात कमीपणा मानू नये. चार जिन्नस आणावेत, पण एक घरी करावा, आणि तो सगळ्यांनी मिळून करावा. शंकरपाळे कातायला काय मोठे कौशल्य लागते? ते वाकडे कातले, तरी कुरकुरायचे थांबत नाहीत.

असा एक जिन्नस घरी करायचा ठरला, की त्याच्यासोबत एक वही घालावी. साधी दोनशे पानी. तिच्यावर ‘दिवाळी’ एवढेच लिहावे. चकलीची भाजणी हा प्रत्येक घरचा स्वतंत्र कारभार असतो. कुणाकडे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी मूगडाळ आणि अर्धी वाटी उडीदडाळ. कुणाकडे पोहे, कुणाकडे साबुदाणा. धन्याजिऱ्याचे प्रमाण तर विचारूच नका. हे प्रमाण आजीच्या बोटांत असते. तिला विचारावे, तर ती म्हणते, “अंदाजाने घालायचे!” तेव्हा तिला अंदाजानेच घालू द्यावे आणि नातवाने शेजारी वाटी घेऊन बसावे, ती प्रत्येक मूठ आधी वाटीत सोडील, तो मोजील आणि लिहील. हे यंदाच करावे. आजी कायमची नसते, आणि आजीबरोबर गेलेली भाजणी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

त्याच वहीत भाऊबीजेच्या रात्री प्रत्येकाने चार ओळी लिहाव्यात. यंदा कोण आले, कोण येऊ शकले नाही, तेल काय भाव होते, कुणाचा दात पडला, कुणाला नोकरी लागली. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे. पुढच्या वर्षी वसुबारसेला ती वही काढून मोठ्याने वाचावी. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी तर हे अवश्य करावे. पुण्यात पहाटेचे पाच वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. म्हणजे आपले अभ्यंगस्नान आणि त्यांची दिवेलागण यांची वेळ जवळजवळ जमते. फोनवर नुसते “काय केले फराळाला?” विचारून दोन मिनिटांत बोलणे संपते. वहीतले एक जुने पान वाचले, की अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

मुलांसाठीही एक बेत सुचवते. किल्ले आपण करतोच, पण बहुधा मातीचा एक उंचवटा, त्यावर हळीव पेरलेली आणि पायथ्याशी मावळ्यांपेक्षा मोठा वाघ! २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला: शिवनेरी, साल्हेर, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. दरवर्षी यांतला एक खरा किल्ला करायचा. त्याचा नकाशा पाहायचा, माची कुठे, दरवाजा कुठे, पाण्याचे टाके कुठे, ते शोधायचे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्या वर्षी आईची मोठी परात मागून तिच्यात समुद्र करायचा. जिंजीच्या वर्षी राजाराम महाराजांनी इतक्या दूर जाऊन राज्य कसे राखले, ते बाबांनी आधी वाचून मग मुलांना सांगायचे. जमेल तेव्हा तो किल्ला प्रत्यक्ष पाहून यायचे. पाच वर्षांच्या मुलाने यंदा शिवनेरीपासून आरंभ केला, तर बारावा किल्ला तो सोळाव्या वर्षी बांधील. फ्लॅटच्या गॅलरीत हे सहज होते. खाली जुना प्लॅस्टिकचा कागद अंथरला, की घराची मालकीणही तक्रार करणार नाही.

आता जरा वेगळे बोलायचे आहे. दिवाळीच्या अंकात दुःखाची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणू नये; ते दिवाळीचेच एक अंग आहे. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेले असते, त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. आपल्याकडे यासाठी फार सुंदर चाल होती आणि काही ठिकाणी अजून आहे: शेजारीपाजारी आणि नातलग त्या घरी फराळाचे डबे नेऊन देतात. त्या घरी तळण नसते, पण मुलांच्या पुढ्यात लाडू असतो. या चालीइतके शहाणपण मला दुसऱ्या कोणत्याही रिवाजात दिसलेले नाही. पण बंद दारांच्या इमारतींतून ती विसरली जात आहे. “त्यांच्याकडे दिवाळी नाही, आपण कसे जावे?” असे म्हणून आपण संकोचाने टाळतो, आणि नेमके त्याच घरात त्या चार दिवसांत बेल वाजत नाही.

यंदा आपल्या इमारतीत असे घर आहे का, याची चौकशी करावी आणि फराळाचा पहिला डबा तिथे न्यावा. दारातून देऊन परतू नये. दहा मिनिटे बसावे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण काढावी. आपण नाव काढले म्हणून त्यांना दुःख होईल, ही भीती बाळगू नये. ते नाव त्या घरात त्या दिवशी प्रत्येकाच्या ओठांवर असते. फक्त आधी कुणी उच्चारायचे, याचा सर्वांना धीर होत नसतो.

आणि असे वर्ष एक ना एक दिवस आपल्याही घरी येते. रिवाजाची खरी परीक्षा तेव्हाच. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा ठेवण्याचे काम बाबांचे होते. बाबा गेले, आता दिवा कोण ठेवील? ज्या घरात कामे कधी वाटलीच नव्हती, तिथे हा प्रश्न कुणाला सुचतच नाही, आणि तो दिवस नुसता सुन्नपणात जातो. ज्या घरात बाबांनी मुलाला शेजारी उभे करून दिवा कसा ठेवायचा हे दाखवलेले असते, तिथे मुलगा उठतो, कणकेचा दिवा करतो, वात दक्षिणेकडे करतो. दुःख तेवढेच असते, पण त्या संध्याकाळी हातांना काय करायचे ते ठाऊक असते. मुलांना आपण जे जे देऊन ठेवतो, त्यात हे देणे काही लहान नाही.

एवढे वाचून काही उत्साही भगिनी कागद-पेन्सिल घेऊन पाच-सहा रिवाजांची यादी करायला बसतील, म्हणून एक सूचना करते. एकच निवडा. सगळे एकदम सुरू केले, तर भाऊबीजेपर्यंत घरातली माणसे रजा मागतील. एक निवडा आणि तीन वर्षे नेटाने करा. पहिल्या वर्षी घरची मंडळी हसतील, दुसऱ्या वर्षी “तेच पुन्हा?” म्हणतील, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही विसरलात, तर मुलेच आठवण करून देतील. मूल “आपल्याकडे असेच करतात” असे पाहुण्याला सांगू लागले, की तुमचे काम झाले. आणि पुढे कधी एखाद्या रिवाजाचे ओझे वाटू लागले, त्यापायी घरात कुरबुरी होऊ लागल्या, तर तो आनंदाने सोडून द्या. रिवाज घरासाठी आहे, घर रिवाजासाठी नाही.

कोणता निवडावा, असे मला विचाराल, तर पाटाचाच निवडा. वही पुढच्या वर्षी घातली तरी चालेल, किल्ला पुढच्या वर्षी बांधला तरी चालेल. आईच्या पाठीला तेल लावायचे काम मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका. हा अंक आईच्याच हातात असेल, तर तिने तो उघडाच ठेवून, हेच पान वर येईल अशा बेताने, बाबांच्या चहाच्या टेबलावर विसरावा. पुढचे बाबांना समजेल. नाहीच समजले, तर मुलांना नक्की समजेल.

आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची, समाधानाची आणि मिळून केलेल्या कामाची जावो!